किल्ली माझ्याकडे होती

ही गोष्ट मी तेरा वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलाला नाही. शिरूरला सकाळी फिरायला जाणारा आम्हा निवृत्तांचा एक घोळका आहे. तिथे कुणी नोकरीतल्या आठवणी काढल्या, की मी चपलेतला खडा काढायच्या निमित्ताने मागे राहायचो. मला विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून टाळणं सोपं गेलं. एका माणसाच्या नावावर एक चूक लागली आहे. ती चूक त्याची नव्हती. हे मी सोडून सांगू शकेल असं आता फार कुणी उरलेलं नाही.

शिरूरजवळ औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी प्लांट हेड होतो. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही बनवायचो. पत्रा कापायचा, वाकवायचा, त्याला भोकं पाडायची, आणि हे सगळं प्रेसवर. दीडशे टनांचा घाव, मिनिटाला तीस-चाळीस वेळा. नवा माणूस शॉपमध्ये, म्हणजे प्रेस चालतात त्या शेडमध्ये, आला की पहिल्या दिवशी प्रत्येक घावाला त्याचे खांदे उडायचे. आठवड्याभराने थांबायचे. खांदे उडायचे थांबले की तो कामाचा झाला, असं मी समजायचो.

मी हात उचलायचो. हे आधीच लिहून टाकतो, कारण माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात माझ्या शिस्तीबद्दल पुष्कळ बोललं गेलं. ऑपरेटरच्या कानाखाली मारली आहे. नापास झालेला भाग उचलून एकाच्या नडगीवर फेकला, त्याला चार टाके पडले. त्या काळी असं चालायचं, असं म्हणता येईल. पण चालवणारा मीच होतो.

ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो तेवीस वर्षांचा असताना आमच्याकडे शिकाऊ इंजिनिअर म्हणून आला. दौंडचा. वडील रेल्वेत गार्ड होते. हे मुसलमान कुटुंब चार पिढ्यांपासून दौंडमध्येच होतं. पहिल्याच वर्षी त्याच्या हातून डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा प्रेसमधला साचा, चुकीची बसली आणि तडकली. मी सगळ्यांसमोर त्याला थोबाडीत मारली. चष्मा उडून पडला. त्याने तो उचलला, शर्टाला पुसला, आणि पुन्हा डाय बसवायला लागला. त्या दिवसापासून तो माझा माणूस झाला. पंधरा वर्षांत प्रॉडक्शन मॅनेजर झाला. तो मला मुलासारखा आहे, असं मी पाहुण्यांना सांगायचो.

शॉपमध्ये त्याने स्वतःच्या हिमतीवर एकच मोठी गोष्ट आणली, किल्ल्यांची वही. प्रेस दोन तऱ्हेने चालते. एकात दोन बटणं दोन्ही तळव्यांनी एकदम दाबावी लागतात. दोन्ही हात बटणावर असले म्हणजे ते डायमध्ये नसतात. दुसऱ्यात पायाने पेडल मारायचं. हात मोकळे राहतात, काम भराभर होतं, आणि मोकळा हात कधीतरी आत जातो. कोणत्या तऱ्हेने चालवायची ते एका स्विचवर ठरतं आणि त्या स्विचला किल्ली असते. आमच्याकडे किल्ल्या कायम स्विचलाच लटकलेल्या असायच्या. त्याने अकराच्या अकरा काढल्या, कडीत ओवल्या, खिशात ठेवल्या. कुणाला हवी तर वहीत लिहायचं, कशासाठी ते सांगायचं, सही करायची.

कामगार पुरवायचा ठेका जवळच्या गावातल्या एका बागायतदाराकडे होता. त्याची जमीन वसाहतीत गेली होती, पूर्वी सरपंच होता, सगळे त्याला आप्पा म्हणायचे. मीही म्हणायचो. वहीमुळे त्याच्या माणसांचं काम मंदावलं. एकदा माझ्या केबिनमध्ये पाय पसरून तो म्हणाला, "सायेब, तुमचा इंजिनेर प्रेस चालवतोय का देवळाचं कुलूप राखतोय?" मी हसलो. शॉपमध्ये मी त्या वहीच्या बाजूने बोलायचो आणि आप्पासमोर हसायचो.

हा इंजिनिअर अडतीस वर्षांचा असताना एका गुरुवारी माझ्या घरी आला. गुरुवारी सगळ्या वसाहतीची सुट्टी असते. हातात दोन माहितीपुस्तिका होत्या. कुणाला न सांगता त्याने व्यवस्थापनाच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा दिली होती आणि चांगले गुण मिळवले होते. म्हणाला, पंधरा वर्षं खाली शॉपमध्ये काढली. निर्णय वरच्या खोलीत होतात आणि तिथे मला फक्त उत्तरं द्यायला बोलावतात. एक अभ्यासक्रम वर्षभराचा, पूर्णवेळ, दूरच्या शहरात तिथेच राहून करायचा, खास दहा-पंधरा वर्षं नोकरी केलेल्यांसाठी. त्यासाठी नोकरी सोडावी लागणार होती. दुसरा पुण्यात, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी, दोन वर्षांचा, नोकरी सांभाळून.

त्याने आलेखाच्या कागदावर तक्ता केला होता. आम्ही माल पुरवणारा निवडताना करतो अगदी तसा. डाव्या बाजूला कसोट्या: शिकवणारे कोण, वर्गात बरोबर कोण, नंतर कुठे जाता येईल, घर. प्रत्येक कसोटीला वजन, प्रत्येक अभ्यासक्रमाला गुण. पूर्णवेळचा बराच पुढे होता.

"सर, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" त्याने विचारलं.

मी त्याच्या जागी असतो तर डोळे मिटून पूर्णवेळला गेलो असतो. पण मी माझ्या जागी होतो. नवी लाइन बसत होती, मोठ्या ग्राहकाची तपासणी यायची होती, निवृत्तीला तीन वर्षं होती आणि त्याच्याशिवाय मला हे निभणार नव्हतं. मी त्याला सांगितलं, वर्षभर बाहेर राहिलास की शॉप तुला विसरेल. मुलगी नऊ वर्षांची आहे, वडील थकलेत. मग पेन्सिल घेतली, त्याच्या तक्त्यातलं 'घर'चं वजन दुप्पट केलं, बाकीच्यांची कमी केली आणि बेरीज बदलली. पुण्याचा अभ्यासक्रम वर आला.

तो हसला. "सर, तुम्ही तर निकालच फिरवलात."

तरी त्याने दोन्हीकडे अर्ज केला. पूर्णवेळसाठी वरिष्ठाचं शिफारसपत्र लागायचं. तशी लिंक माझ्या मेलवर आली. मी ती तीन वेळा उघडली. एक प्रश्न होता, ह्या माणसाला तुम्ही पुन्हा तुमच्या हाताखाली घ्याल का. खरं उत्तर दिलं तर तो जाणार. मी काहीच पाठवलं नाही. एकदा जिन्यात त्याने विचारलं तेव्हा मी न थांबता म्हणालो, "टाकलं रे कधीच." मुदत संपली. तो त्याबद्दल पुढे काही बोलला नाही. पुण्याला प्रवेश घेतला.

मी त्याला गुरुवारऐवजी रविवारची सुट्टी दिली, आणि ती देताना उपकार केल्यासारखा वागलो. शनिवारी चार वाजता तो अकरा किल्ल्या मोजून माझ्या हातात द्यायचा, मी वहीत सही करायचो, सोमवारी सकाळी तो परत घ्यायचा. रविवारी रात्री पुण्याहून दौंडला घरी जायचा आणि सोमवारी इनामगाववरून मोटरसायकलने शिरूर गाठायचा. असे सात महिने गेले.

त्या रविवारी माल कमी पडत होता. ट्रक दारात उभा होता, ग्राहकाचा फोन दर अर्ध्या तासाला येत होता. आप्पाचा सुपरवायझर वर आला. "सायेब, पेडलवर टाकू द्या. दोन तासात हाणून काढतो." किल्ल्या माझ्या खणात होत्या. मी एक काढून दिली. वहीत लिहिलं नाही.

प्रेस शॉपमध्ये आवाज ऐकू येत नाही. आवाज थांबला की ऐकू येतं. साडेतीनच्या सुमाराला थांबला. मी खाली गेलो. चाळिशीचा ऑपरेटर होता, घोड नदीकाठच्या गावातला, मुकाट काम करणारा. त्याचा उजवा हात बोटांच्या मुळापर्यंत डायमध्ये होता आणि प्रेस खालीच अडकली होती. वर घ्यायला जड चाक पहारीने उलटं फिरवावं लागतं. चार माणसं पहारीला लोंबकळली. दहा मिनिटं तरी लागली असतील. त्या दहा मिनिटांत तो ओरडला नाही. शेजारच्याला एवढंच म्हणाला, "दादा, घड्याळ काढ की. पट्टा रुततोय."

त्याचा हात अजून आत असताना मी काय केलं ते लिहितो. मी स्विचपाशी गेलो, पेडलवरून फिरवून बटणावर केलं आणि किल्ली काढून खिशात घातली. पहिलं काम मी ते केलं. सुपरवायझरने पाहिलं. मग तो पहारीकडे वळला.

डाय उघडल्यावर भाग उचलायच्या चिमट्यानेच एकाने बोटं गोळा केली. चार. कॅन्टीनमधला बर्फ एका जेवणाच्या डब्यात भरला, त्यात ठेवली आणि गाडी पुण्याला पिटाळली. डॉक्टरांनी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आठलाच गेटवर तीस-चाळीस माणसं जमली. ऑपरेटरचे भाऊबंद आणि आप्पाची माणसं. काहींच्या हातात सळया होत्या. आप्पा माझ्या केबिनमध्ये येऊन बसला. चहा मागवला.

"पोरं आयकत न्हाईत," तो म्हणाला. "माणूस जन्माचा गेलाय त्यांचा. त्यास्नी नाव पायजे. किल्ली कुणाकडं असती, येवढंच सांगा."

किल्ली कुणाकडून घेतली होती हे त्याच्या सुपरवायझरने त्याला सांगितलं नसेल, असं होणं शक्य नव्हतं. त्याचा माणूस अडकत होता आणि मी अडकत होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी म्हणालो, "किल्ल्या प्रॉडक्शन मॅनेजरकडे असतात. रविवारी ते कॉलेजला जातात."

पंधरा वर्षांत मी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्या वाक्यात केलं. आणि त्या गर्दीत त्याचं आडनाव गेलं की काय होईल, हे मला चांगलं माहीत होतं. मी दौंड-शिरूर पट्ट्यात जन्म काढला आहे.

"बरं," आप्पा म्हणाला. उरलेला चहा बशीत ओतून प्यायला आणि खाली गेला.

मी माझ्या मॅनेजरला रविवारी फोन केला नव्हता. सोमवारीही केला नाही. नऊच्या आत त्याची मोटरसायकल गेटसमोर आली. पाठीवर कॉलेजची बॅग होती. माणसं पाहून त्याने हेल्मेट काढलं. बोलायचं असेल तर माणूस हेल्मेट काढतो.

पहिल्यांदा कुणीतरी थोबाडीत मारली. चष्मा उडाला. तो वाकून उचलायला गेला, तेव्हा पाठीत सळई बसली. मग सगळे. त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं, तर दोघांनी हात ओढून बाजूला केले. "कालिजात जातो व्हय रं? घे, शीक," असं म्हणत एक जण मारत होता, प्रत्येक घावाला एकदा, "शीक." धर्मावरून जे बोलले ते मी लिहीत नाही. मग कुणीतरी ओरडलं, बोटाला बोट. त्याचा उजवा हात गेटच्या लोखंडी पट्टीवर दाबून धरला आणि सळईने मारलं, चार-पाच वेळा. तिथपर्यंत तो काहीतरी समजावत होता. त्यानंतर समजावणं थांबलं.

गेटच्या आत वॉचमन कुलूप धरून उभा होता. उघडू नको, असं मीच त्याला फोनवर सांगितलं होतं. मी वर खिडकीत होतो. खाली जायला वीस पायऱ्या. मी गेलो असतो तर मला मारलं नसतं. आप्पा तिथेच उभा होता. मी पडद्याची दोरी ओढली. आयुष्यभर लोखंडावर लोखंड ऐकलं होतं. हा आवाज त्याहून मऊ होता, आणि पडद्यातून येत राहिला.

पोलीस आले तेव्हा रस्ता रिकामा होता. पडदा बंद होता, कुणाला ओळखलं नाही, असा जबाब मी दिला. दुपारी वही काढली. शनिवारचं पान होतं: चार वाजता, अकरा किल्ल्या, त्याची सही, माझी सही. मी ते फाडलं. जाळायचं होतं; जाळलं नाही, चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं. कारखान्याच्या चौकशीत ठरलं, की जबाबदार अधिकाऱ्याने जाताना किल्ली मशीनलाच ठेवली. त्या अहवालावर माझी सही आहे. आप्पाचा ठेका चालू राहिला. दोन वर्षांनी मी शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो.

मॅनेजर तीन आठवडे रुग्णालयात होता. एक कान कायमचा गेला. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच जुळली. अधूनमधून फिटचे झटके यायचे, त्यामुळे मोटरसायकल सुटली, नोकरी सुटली, पुण्याचा अभ्यासक्रम अर्धाच राहिला. दौंडमध्ये घरीच आयटीआय-डिप्लोमाच्या मुलांना ड्रॉइंग आणि गणित शिकवायला लागला.

मी वर्षभराने गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. त्याच्या बायकोने चहा ठेवला. तो माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला, चांगला कान माझ्याकडे करून.

"सर, मला तो शनिवार आठवत नाही," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत सगळं आठवतं. मग एकदम दवाखाना. डॉक्टर म्हणतात, डोक्याला मार बसला की असं होतं. मी किल्ल्या तुम्हाला दिल्या असणार, एक मशीनलाच राहिली असणार. मोजल्या कशा नाहीत, हेच कळत नाही. मी तर मोजायचो ना सर?"

"मोजायचास," मी म्हणालो.

"मग कसं झालं?"

मी कपाकडे बघत म्हणालो, "होतं असं एखाद्या वेळी."

हे वाक्य मी बोललो. त्या सळयांपेक्षा जास्त काळ ते त्याला लागत राहिलं असणार.

पुढे बारा वर्षांत मी चार-पाच वेळा गेलो. शेवटचा गेलो त्याला दोन वर्षं झाली. त्याची मुलगी पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरत लॅपटॉपवर बसली होती. तो तिला सांगत होता, शिफारस देणारा माणूस नीट निवड आणि पत्र आलं का नाही ते पोर्टलवर बघत जा.

"पोर्टलवर दिसतं?" मी विचारलं.

"दिसतं की सर. तेव्हाही दिसायचं. मी शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बघत होतो. तुमच्या नावापुढे पेंडिंगच होतं."

मुलीने मान वर केली नाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीस.

तो जरा हसला. "मला वाटलं, सरांना मी इथे हवाय. तोंडाने म्हणवत नसेल. बरं वाटलं होतं मला, खोटं कशाला सांगू."

मग म्हणाला, दर ईदला तो शिरखुर्मा घेऊन त्या ऑपरेटरच्या घरी जातो. तो माणूस कधी वाकडं बोलला नाही, बायको जेवल्याशिवाय सोडत नाही. "पण तो वाढायला डावा हात पुढे करतो ना सर, तेव्हा मला घास जात नाही. माझ्यामुळे झालं ते."

पान माझ्या खिशात होतं. हात खिशात घातला, चष्म्याचं घर काढलं, उघडलं. पानाची घडी दिसत होती. मी चष्मा काढून पुसला आणि घर बंद केलं. सव्वापाचची एसटी आहे, असं म्हणालो. ती साडेसहाची होती. स्टँडवर सव्वा तास बसून राहिलो.

गेल्या थंडीत त्याला झटका आला तो थांबला नाही. बावन्न वर्षांचा होता. मी दौंडला गेलो, डोक्याला रुमाल बांधून कब्रस्तानाच्या भिंतीशी उभा राहिलो. ऑपरेटर आला होता. माती द्यायची वेळ आली तेव्हा त्याने उजवा हात पुढे केला, बोटं नसलेला. तळव्यावर थोडीच माती राहायची, बाकी सांडायची. त्याने तीनदा घेतली. कुणीतरी मला पुढे व्हायला वाट करून दिली. मी गेलो नाही.

प्रत्येक वेळी शिरूरहून एसटीत बसलो की दौंड येईपर्यंत मी तेच पाठ करायचो. आता ते इथे लिहितो.

शनिवारी चार वाजता तू अकरा किल्ल्या मोजून माझ्या हातात दिल्यास. मी सही केली, पान माझ्याकडे आहे. रविवारी त्यातली एक मी दिली. त्याची बोटं माझ्यामुळे गेली, आणि सोमवारी तुझं नाव मी सांगितलं. तू काहीही विसरला नव्हतास. मला माफ कर.